कुंपणाची दुसरी बाजू

घर बांधून होतें, रंग लागतो, वास्तुशांतीचें जेवण पार पडतें, आणि मग घरधन्याच्या हातीं जी थोडीबहुत रक्कम उरलेली असते तिच्यांत कुंपणाचें काम भागवावयाचें असतें. घराच्या नकाशावर सहा-सहा महिने खल होतो. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेस असावी कीं उत्तरेस, यावर घरांतील लहानथोरांचीं मतें घेतलीं जातात. कुंपणाचा विचार मात्र गवंड्याजवळ उभ्याउभ्या दहा मिनिटांत उरकतो. "चारी बाजूंनीं पांच फुटी भिंत घाला आणि पुढें लोखंडी फाटक बसवा," एवढ्या एका वाक्यांत तें काम सांगून होतें. पुढें दोन शेजारी वीस-वीस वर्षें एकमेकांशीं बोलत नाहींत, याचें कारण शोधूं गेल्यास तें पुष्कळदां याच दहा मिनिटांत सांपडतें.

सातारा आणि सांगली हीं दोन्ही शहरें कृष्णेच्याच खोऱ्यांतलीं. पण एक डोंगराच्या उतारावर वसलेलें, तर दुसरें काळ्या मातीच्या सपाटीवर. एकाच मापाची भिंत दोन्हीकडे घातली तर ती दोन निराळ्या रीतींनीं पडते. म्हणून कुंपणाचा विचार करतांना हीं दोन शहरें शेजारीं शेजारीं ठेवून पाहणें सोयीचें आहे.

या शहरांच्या जुन्या पेठांत कुंपण ही वस्तु फारशी नव्हती. वाड्याला कुंपण लागत नाहीं. वाड्याची भिंत हेंच त्याचें कुंपण. रस्त्याकडे दिंडीदरवाजा, आंत चौक, चौकांत तुळस, आणि शेजारच्या वाड्याला लागून असलेली भिंत बहुधा सामाईक. गांवाला गांवकूस होतें, शेताला बांध होता, परसाला कांट्यांचा वई होता. पण घर मधोमध आणि सभोंवतीं मोकळी जागा हा थाट बंगल्याबरोबर आला. साताऱ्यास शहराबाहेर कॅंप आणि सदर बझार वसले, तेथें प्रशस्त आवारांचे बंगले उभे राहिले. सांगलीस शहरापासून दूर, मिरजेच्या वाटेवर, विश्रामबाग वाढली. १९१९ सालीं विलिंग्डन कॉलेज निघालें आणि त्या बाजूस सुशिक्षित वस्ती होऊं लागली. वाड्यानें मोकळी जागा पोटांत घेतली होती. बंगल्यानें ती अंगाबाहेर टाकली, आणि ती राखण्याकरितां कुंपण आलें. 'कंपाउंड' हा आपल्या नित्य बोलण्यांतला शब्दही इंग्रजांनीं मलायांतील 'कांपोंग', म्हणजे वस्तीचें आवार, या शब्दावरून घेतला असें बहुतेक कोशकार मानतात. वस्तु परकी असली तरी तिच्यावरून होणारें भांडण मात्र पूर्णपणें आपल्या बांधावरचें आहे.

तें भांडण सुरू होतें दोरीपाशीं. समजा, विश्रामबागेंत तीन गुंठ्यांचा एक भूखंड आहे. सकाळीं गवंडी येतो. हातांत सुतळीचा गुंडा, कमरेला ओळंबा.

"साहेब, दोरी कुठनं धरायची?"

"ती बाभळ दिसते ना, तिथून सरळ रस्त्यापर्यंत."

"बाभळ तुमची का शेजारच्या काकांची?"

"आहे आपली मधलीच."

"मग दोरी बाभळीच्या अलीकडनं न्यायची का पलीकडनं, तेवढं ठरवून सांगा. खणल्यावर काका आले, तर परत बुजवायला लागतंय."

गवंड्याचा प्रश्न वकिलाच्या प्रश्नाइतका नेमका आहे, आणि त्याचें उत्तर बाभळीपाशीं मिळत नाहीं. तें भूमि अभिलेख कचेरींत मिळतें. तेथें अर्ज करून व फी भरून हद्द कायम करण्याची मोजणी मागतां येते. भूकरमापक येतो, आसपासच्या धारकांना आगाऊ नोटीस दिलेली असते, जुन्या नकाशावरून हद्दीच्या खुणा कायम होतात आणि मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत अर्जदाराच्या हातीं पडते. ज्या वस्त्यांचें नगर भूमापन झालेलें आहे तेथें मिळकत पत्रिका आणि तिच्यासोबतचा नकाशा हा आधार. जेथें तें झालेलें नाहीं तेथें सात-बारा आणि गटाचा नकाशा.

सांगलींत ही गोष्ट विशेष जपून करावी लागते. तेथें शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांनीं तुकडे पाडून, रेखांकन मंजूर करून न घेतां, पुष्कळ वस्ती झाली. अशा बांधकामांना नियमित करण्यासाठीं राज्यानें २००१ सालीं गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा केला. या भूखंडांच्या खरेदीखतांत क्षेत्र लिहिलेलें असतें, पण चतुःसीमा 'पूर्वेस अमक्याची मिळकत, पश्चिमेस रस्ता' एवढ्यावरच भागवलेली असते. आणि प्रत्यक्ष मोजावयास गेलें म्हणजे कागदावरचे तीन गुंठे जमिनीवर पावणेतीन भरतात. उरलेला पाव गुंठा कोणाकडे आहे, हा प्रश्न प्रत्येक शेजारी दुसऱ्याकडे बोट दाखवून सोडवतो. साताऱ्यास शाहूपुरी, गोडोली यांसारख्या वस्त्या ग्रामपंचायतीच्या कारभारांत वाढल्या आणि २०२० सालच्या हद्दवाढींत नगरपालिकेंत आल्या. तेथेंही जुनें घर, जुना बांध आणि नवा नकाशा यांची सांगड घालूनच दोरी धरावी लागते.

मोजणीची नोटीस शेजाऱ्याकडे सरकारी रीतीनें जातेच. परंतु नोटीस दारावर येण्यापूर्वीं घरधनी स्वतः जाऊन बसला तर त्याच कागदाला निराळा अर्थ येतो. "अण्णा, पुढल्या आठवड्यांत मोजणी मागवली आहे. आपणही समोर असावें, म्हणजे दगड एकदांच रोवले जातील." एवढें बोलण्यास पांच मिनिटें लागतात, आणि चहाही मिळतो. तेंच न बोलतां आलेली नोटीस मात्र कोर्टाच्या समन्सासारखी वाचली जाते. मोजणीनंतर दोन्ही शेजाऱ्यांच्या समक्ष कोपऱ्यांतील खुणांपासून भिंतीपर्यंतचीं अंतरें मोजून कागदावर लिहून ठेवावींत, आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. खुणा पुढें मातीखालीं जातात, मालक बदलतात, मुलें परदेशीं जातात, कागद राहतो.

भूखंडाचे कोपरे काटकोनी आहेत असें समजून चालण्याचीही एक चूक होते. गवंडी मंडळी याला जुना तोडगा वापरतात. कोपऱ्यापासून एका बाजूवर तीन फूट व दुसऱ्या बाजूवर चार फूट मोजून खुणा कराव्या. त्या दोन खुणांमधलें अंतर बरोबर पांच फूट भरलें तर कोपरा काटकोनांत आहे. मोठ्या भूखंडावर सहा, आठ आणि दहा फूट घेतल्यास चूक आणखी लवकर उघडी पडते. कोपरा काटकोनांत नसेल तर भिंत नकाशाप्रमाणें तिरकी घालावी. तिला सरळ दिसण्यासाठीं शेजाऱ्याच्या जमिनींत ढकलूं नये.

आतां भिंतीच्या जाडीकडे पाहूं. 'कुंपणानेंच शेत खाल्लें' ही म्हण विश्वासघातासाठीं वापरतात. पण शहरांतील भूखंडावर ती अक्षरशः खरी ठरते. तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट. भूखंड ६६ फूट लांब व साडेएकोणपन्नास फूट रुंद धरला तर त्याचा परीघ २३१ फूट होतो. चारी बाजूंनीं नऊ इंची विटांची भिंत सर्वस्वीं आपल्याच जागेंत घेतली तर तिनें सुमारें १७० चौरस फूट जमीन व्यापली. दीड फुटी दगडी भिंत घेतली तर हाच आंकडा ३३७ च्या घरांत जातो. म्हणजे दोन चांगल्या खोल्यांची जागा भिंतीखालीं गेली. तारेच्या जाळीनें इतकी जागा जात नाहीं. आणि दोन शेजाऱ्यांनीं मिळून हद्दीच्या मधोमध एकच भिंत घातली तर त्या बाजूची जमीनही निम्मी वांचते आणि खर्चही. अशा सामाईक भिंतीसाठीं करार मात्र लेखी हवा: खर्च कोणीं किती दिला, दुरुस्ती कोणीं करावयाची, आणि पुढें एकाला तिच्यावर खोली चढवावीशी वाटली तर काय. शेवटचा मुद्दा ऐकतांना हांसूं येतें. तो कोर्टांत मात्र फार वेळ घेतो.

यानंतर माती. सांगलीकडची काळी माती उसाला मानवते, हळदीला मानवते. भिंतीला मानवत नाहीं. पाणी प्याली कीं ती फुगते आणि उन्हानें सुकली कीं आकसते. वैशाखांत तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचें ओझें मोठें आणि पाया खोल, त्यामुळें घर ही हालचाल बहुधा सोसतें. कुंपणाची भिंत हलकी, लांबच लांब आणि उथळ पायाची. पावसाळ्यांत तिच्याखालची माती तिला उचलते आणि उन्हाळ्यांत सोडून देते. तेंही सगळीकडे सारखें घडत नाहीं. मोरीच्या पाण्याजवळ ओल राहते, तेथें भिंत वर चढते; मोठ्या झाडाच्या मुळांजवळ माती अधिक सुकते, तेथें ती खालीं बसते. तीन-चार वर्षांत भिंतीला तिरक्या चिरा जातात, आणि घरधनी सिमेंटला दोष देतो. सिमेंटचा त्यांत कांहीं अपराध नसतो.

यावर उपाय आहेत, आणि ते फार खर्चाचे नाहींत. सलग उथळ पाया काढण्याऐवजीं आठ-दहा फुटांवर खड्डे घेऊन ते मुरूम लागेपर्यंत खोल न्यावे, त्यांतून खांब उभे करावे आणि खांबांच्या डोक्यावर जमिनीलगत सलोह काँक्रीटची तुळई टाकून तिच्यावर भिंत घ्यावी. तुळईच्या खालीं व मातीच्या वर दोन-तीन इंच मोकळी फट ठेवावी, म्हणजे फुगणाऱ्या मातीला वर येण्यास जागा राहते आणि ती भिंतीला ढोसत नाहीं. मुरूम फार खोल असेल तर पायाच्या चरांतील काळी माती काढून टाकून तेथें मुरूम भरावा व थर देऊन चोपावा. लांब भिंतीला तीस-चाळीस फुटांवर उभा सांधा सोडावा. भिंत तडकणारच असेल तर ती आपण ठरवलेल्या जागीं तडकावी. आणि काम भर उन्हाळ्यांत काढूं नये. त्या वेळीं माती अगदीं आकसलेली असते, आणि पहिल्याच मृगांत ती भिंतीखालीं अंग ताणते. दिवाळीनंतर जमीन वापशावर येते, गवंडीही मोकळे असतात, बांधकामावर पाणी मारावयास विहिरींना पाणी असतें.

साताऱ्यास मातीचा हा जाच कमी. तेथें मुरूम जवळ लागतो आणि काळा दगड हाताशीं आहे. अनगड दगडाची जुनी कुंपणें तेथें अजून ताठ उभीं दिसतात. पण तेथें उतार आहे. अजिंक्यताऱ्याच्या आणि यवतेश्वराच्या अंगावरून पावसाळ्यांत पाणी खालीं येतें, तें प्रत्येक आवारांतून वाट काढीत जातें. वरच्या घरधन्याला बाग सपाट हवी असते. तो खालच्या कुंपणाला टेकून तीन-चार फूट भराव घालतो आणि त्यावर हिरवळ लावतो. त्या क्षणीं कुंपण हें कुंपण राहत नाहीं, तें धरण होतें. नुसती उभी राहण्यासाठीं बांधलेली नऊ इंची भिंत आणि मातीचा रेटा अडवणारी भिंत या दोन निराळ्या वस्तु आहेत. दुसरीचा तळ रुंद असतो आणि तिचा हिशेब इंजिनियरनेंच करावयाचा असतो.

पाण्याचा रेटा किती असतो याची कल्पना सहसा नसते. भिंतीमागें एक मीटर उंच पाणी सांचलें तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारें ५०० किलोचा दाब पडतो. पाण्याची उंची दुप्पट झाली तर दाब चौपट होतो. म्हणून उताराच्या बाजूच्या भिंतीला तळाशीं दीड-दोन मीटरवर तीन इंची नळ्या सोडाव्यात, त्यांच्या मागें खडी भरावी, म्हणजे पाणी गाळून बाहेर पडतें आणि माती आंत राहते. या नळ्या बुजल्या तर नाहींत ना, हें दर वर्षीं मृगापूर्वीं पाहावें. भिंतीचा माथाही उताराबरोबर तिरका नेऊं नये, पायऱ्या-पायऱ्यांनीं उतरवावा.

येथें दोन्ही शेजाऱ्यांचीं कर्तव्यें आहेत, आणि कायद्यानेंही तीं ओळखलेलीं आहेत. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यांत, ज्याला वकील मंडळी ईझमेंटचा कायदा म्हणतात, असें उदाहरण दिलेलें आहे कीं वरच्या जमिनीवर पडणारें पावसाचें पाणी स्वाभाविक रीतीनें खालच्या जमिनीवर वाहूं देणें हा वरच्या मालकाचा हक्क आहे. खालच्यानें आपलें कुंपण निश्छिद्र करून तें पाणी वर तुंबवूं नये. पण वरच्यानेंही छपराचें, मोरीचें, धुण्याचें सगळें पाणी एका नळींत गोळा करून नेमकें शेजाऱ्याच्या पायऱ्यांवर सोडलें तर तें 'स्वाभाविक' म्हणतां येणार नाहीं. दोघांच्या मधून एक उघडी चर काढून ती रस्त्याच्या गटाराला मिळवणें, हा या सर्व कायद्याचा व्यवहारांतला अनुवाद होय.

भिंतीच्या पलीकडे कोण राहतें, हा प्रश्न फार क्वचित् विचारला जातो. पुण्याजवळ कोंढव्यास २९ जून २०१९ च्या रात्रीं एका निवासी संकुलाची आवारभिंत मुसळधार पावसांत कोसळली. भिंतीच्या पायथ्याशीं बांधकाम मजुरांच्या झोपड्या होत्या. त्यांत १५ माणसें, मुलांसह, दगावलीं. तिसऱ्याच दिवशीं मुंबईंत मालाड येथें, टेकडीवरील जलाशयाची आवारभिंत अशीच झोपड्यांवर पडली आणि वीसांहून अधिक जीव गेले. दोन्ही ठिकाणीं भिंतीच्या आंतलीं माणसें सुरक्षित होतीं. संरक्षक म्हणून बांधलेली भिंत आपल्याला राखते; ती बाहेरच्या अंगाला पडणारी असली तर दुसऱ्याच्या अंगावर पडते. ज्याचें कुंपण उतारावर आहे आणि खालीं कोणाचें छप्पर आहे, त्यानें सपाट बागेचा मोह धरण्यापूर्वीं एकदां पलीकडे जाऊन, खालून वर, आपल्या भिंतीकडे पाहावें. चिरा, फुगवटा, ओल हीं बाहेरूनच दिसतात.

सांगलीस उतार नसला तरी पाणी आहे. आयर्विन पुलापाशीं कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्यें पाणी ५७ फुटांच्या वर गेलें, आणि २००५ व २०२१ सालींही त्यानें पन्नाशी ओलांडली होती. विश्रामबाग गांवभागाच्या मानानें उंचावर आहे. पण नदीकडच्या वस्त्यांत कुंपण घालणाऱ्यानें हा आंकडा विसरूं नये. पुराचें पाणी भिंतीच्या दोन्ही बाजूंस सारखें असतें तोंवर तें भिंतीला फारसें ढकलत नाहीं. भीति असते ती वाहत्या लोंढ्याची, आणि पूर ओसरतांना आंतलें पाणी कोंडून राहिलें तर त्याची. अशा ठिकाणीं खालीं दोन फुटी दगडी जोतें, त्यांतून पुरेशीं भोकें आणि वर लोखंडी अँगलला ताणलेली जाळी, हीच रचना बरी. जाळीचे खांब आठ-दहा फुटांवर, दोन फूट तरी जमिनींत, काँक्रीटमध्यें पक्के; आणि कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही दिशांनीं तिरका टेका. टेका न दिल्यास तार ताणतांच कोपरा आंत झुकतो, आणि मग सबंध कुंपण दारू प्याल्यासारखें दिसतें.

रस्त्याच्या बाजूस सरकारचा नियम आहे. डिसेंबर २०२० पासून राज्यांतील बहुतेक शहरांना लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें पुढच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजतां आवारभिंत दीड मीटरपर्यंत, म्हणजे सुमारें पांच फूट, उंच घेतां येते. ती २.४ मीटरपर्यंत न्यावयाची असेल तर वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसेल असा, गजांचा किंवा जाळीचा, ठेवावा लागतो. कोपऱ्यावरच्या भूखंडाला चौकाच्या दोन्ही बाजूंस दहा मीटरपर्यंत भरीव भिंत पाऊण मीटरच ठेवावी लागते. त्यावर उंची हवीच असेल तर ती गजांची. हा नियम जाचक वाटणाऱ्यानें शाळा सुटण्याच्या वेळीं अशा कोपऱ्यावर उभें राहावें. भिंतीआडून येणारी सायकल मोटारवाल्याला दिसत नाहीं, आणि मोटार सायकलवाल्या मुलाला दिसत नाहीं. फाटकही आंतच उघडावें. रस्त्यावर उघडणारें फाटक म्हणजे दिवसांतून चार वेळां केलेलें अतिक्रमण.

उंच भिंतीनें चोर अडतात अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. भरीव उंच भिंत चढून एकदां आंत आलेला माणूस रस्त्यावरून कोणालाच दिसत नाहीं. ती जितकी घरधन्याची आड तितकीच त्याचीही. माथ्यावर कांचा रोवण्याची जुनी चाल चोरापेक्षां मांजरांना आणि चेंडू काढावयास चढणाऱ्या मुलांना अधिक भोंवते. औंध संस्थानानें आटपाडीजवळ १९३९ सालीं स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली, तिला तर भिंतच नव्हती. मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेंतून निघालेली ती वसाहत पुढें शांतारामांच्या 'दो आंखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाला विषय झाली. शिक्षा झालेल्या माणसांना ज्या जिल्ह्यांत भिंतीवांचून ठेवून पाहिलें, तेथें सोसायटींतील सज्जनांनीं एकमेकांना आठ फुटी भिंतींआड ठेवावें, हा योग थोडा गमतीचा आहे.

जिवंत कुंपणाचा विचार अलीकडे मागें पडला आहे. तो पुन्हा व्हावयास हवा. या भागांत पूर्वीं निवडुंगाचें कुंपण सर्रास असे. निवडुंग मूळचा अमेरिकेंतला. तो राखणीला आला आणि मालक होऊन बसला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं कुंडल स्टेशनाजवळ औंधच्या माळावर कारखाना हलवला, तेव्हां ती जमीन निवडुंगानें व सापांनीं भरलेली होती. आजची किर्लोस्करवाडी वसली ती आधीं तो तोडून. पुढें १९२६ च्या सुमारास सिंहलद्वीपांतून आणलेल्या एका कोचिनील किड्यानें दक्षिणेंतील निवडुंगाचा मोठा फडशा पाडला. कुंपण म्हणून काय लावावें हें ठरवतांना तें कुंपणावरच थांबेल ना, हें विचारावें, तें यासाठीं.

बंगल्याभोंवतीं मेंदी किंवा कोयनेल हीं जुनीं, शहाणीं झाडें. दोन ओळींत, फूट-फूट अंतरानें, एकाआड एक लावावींत आणि पहिल्या वर्षीं उंची वाढूं न देतां पुनःपुन्हां छाटावींत. न छाटल्यास तीं वर दाट आणि खालीं विरळ होतात, व कुत्रीं नेमकीं खालूनच येतात. मागच्या, वापर नसलेल्या बाजूस करवंद किंवा चिलार लावल्यास कांट्यांतून कोणी शिरत नाहीं. शेर मात्र लहान मुलांच्या घरीं नको. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार अपाय करतो. तारेची जाळी आणि तिच्या आंत मेंदी ही जोडी सर्वांत सोयीची: पहिलीं दोन वर्षें तार राखते, पुढें मेंदी. वारा आणि पाणी दोघांतून जातें, आणि शेजारची हांकही.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचें उदाहरणही येथें आठवतें. २०१२ सालीं जागतिक वारशांत पश्चिम घाटाबरोबर कासचें नांव आलें, पर्यटकांची रीघ लागली, आणि फुलें तुडविलीं जाऊं नयेत म्हणून पठाराला तारेची जाळी घातली गेली. माणसें थांबलीं, पण त्यांच्याबरोबर गुरेंही थांबलीं. चराई बंद झाल्यामुळें गवत माजतें व फुलांना जागा राहत नाहीं, असा आक्षेप स्थानिकांनीं व अभ्यासकांनीं घेतला, आणि पुढें ती जाळी काढण्यांत आली. घराच्या कुंपणाचेंही असेंच आहे. शेजारच्या आवारांतून येणारा वारा, सकाळचें ऊन, बेडकांची व मुंगुसांची वाट, दोन स्वयंपाकघरांमधून होणारी विरजणाची देवघेव, हीं सर्व जाळीबरोबर अडणार कीं चालूं राहणार, हें भिंतीची उंची सांगण्यापूर्वीं ठरवावें. मागच्या बाजूस एक लहानसें खिडकीवजा फाटक ठेवण्याची पद्धत जुन्या घरांत होती. घरांतील बायकांना तिचा उपयोग अधिक ठाऊक.

राहतां राहिला गिलावा. भिंत आपल्या जागेंत घातली, पैसे आपण दिले, तरी तिच्या बाहेरच्या अंगाला गिलावा करण्यासाठीं गवंड्याला शेजाऱ्याच्याच अंगणांत उभें राहावें लागतें. पुष्कळ घरधनी आंतली बाजू गुळगुळीत करून रंग देतात आणि बाहेरची तशीच उघड्या विटांची सोडतात. त्या विटांत पावसाचें पाणी मुरतें, लोणा धरतो आणि चार वर्षांत आंतलाही रंग पोपडे धरून गळतो. म्हणून बाहेरच्या अंगाचा गिलावा मूळ अंदाजपत्रकांतच धरावा, आणि काम काढण्याच्या आदल्या दिवशीं शेजारीं जाऊन "उद्यां गवंडी आपल्या बाजूनें दोन दिवस काम करतील, चालेल ना?" असें विचारून यावें. माल पडतो तेथें अगोदर जुनीं पोतीं अंथरावींत. तगरीची, मोगऱ्याची झाडें असतील तीं झांकावींत. आणि काम झाल्यावर सांडलेला माल वाळण्यापूर्वीं खरडून काढण्यास गवंड्याबरोबर एक गडी संध्याकाळपर्यंत तेथें ठेवावा.